गडग्यावरची चार लाकडं

लेक बाळंत होऊन पाचव्या दिवशी घरी यायची होती. म्हसळ्याच्या दवाखान्यात हे तिच्यापाशी, घरी मी एकटी. कार्तिक सरत आलेला, पहाटे अंगणात पाय ठेववत नव्हता. आता सगळी थंडी बाळ-बाळंतिणीला ऊन पाणी आणि खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी हवी, म्हणजे लाकूड भरपूर लागणार. पावसात पडलेली झाडं मामांनी फोडून अंगणात टाकली होती. मामा म्हणजे आमच्याकडे वर्षानुवर्षं लाकडं फोडायला येणारे म्हातारे. हात चांगला, पण काम सावकाश.

रास रचायची मला भारी हौस. विंचवाच्या भीतीने हातांना पोतं गुंडाळते आणि मग खाली जाडी, वर बारकी, टोकं सगळी एका ओळीत. मागची पडवी भरत आली तेव्हा दिसलं, चार लाकडं कुंपणाच्या दगडी गडग्यावर तशीच पडलीत. एवढंही उचलवलं नाही का या बाबाला! चिडून मीच ती आणली आणि राशीत दडपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर पाण्याचा हंडा चढवला. शेगडी भरून खोलीत ठेवली. निघालो म्हणून लेकीचा फोन आला, तेवढ्यात मामा विसरलेली पाचर न्यायला आले. गडग्याकडे बघून थांबले.

“वैनी, हितली लाकडं?”

“रचली मी. तुम्हाला जमलं नाही ना.”

“ती बिब्याची व्हती. म्हणून तर येगळी ठेवली.”

बिब्याचं लाकूड आमच्याकडे कुणी चुलीत घालत नाही. नुसता धूर लागला तरी अंग उततं, तोंड सुजतं, डोळे मिटतात. मोठ्या माणसाचे हे हाल, मग पाच दिवसांच्या जिवाचं काय? फोडणारा बिबा गडग्यावर काढून ठेवतो, हेही मला ठाऊक होतं. रागात डोकं चाललं नाही, दुसरं काय.

हंडाभर पाणी चुलीत ओतलं. शेगडी लांब शेतात नेऊन उपडी केली, दारं-खिडक्या उघडल्या. मग कालची हौसेची रास दोघांनी मिळून पाडली. मामा एकेक टोक उजेडात धरायचे, बिब्याच्या चिकाचा काळा डाग दिसला की बाजूला टाकायचे. एक सापडलं, दुसरं, तिसरं. चौथं काही मिळेना.

“चुलीत गेलं असंल,” मामा हळूच म्हणाले.

मी राख चिवडत बसले. राखेत काय कळणार? आणि रिक्षा दारात आली.

लेकीला मी खोलीत जाऊच दिलं नाही. ओटीवर गादी घातली, पाणी गॅसवर तापवलं, खोली सारवायचीय म्हणून खोटं सांगितलं. अंगाला धूर असेल म्हणून नातीला हातही लावला नाही. लांबूनच तिचा गाल बघत राहिले. जरा लाल दिसला की काळजात धस्स व्हायचं.

“आई, मुलगी झाली म्हणून घेत नाहीस का?” लेकीने विचारलं.

हे वर्मी लागलं. तरी खरं सांगितलं आणि उद्या बाळाला काही झालं तर, या भीतीने मी गप्प बसले.

सकाळी माझे डोळे उघडेनात. तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं, गळ्यावर फोड उठले होते. लेक किंचाळली. मी म्हटलं, आधी बाळाचे कपडे काढ आणि अंग बघ. तिने पायाच्या बोटांपर्यंत पाहिलं. अंग स्वच्छ होतं.

चौथं लाकूड चुलीतच गेलं होतं, आणि त्याचा धूर माझ्या एकटीच्या वाट्याला आला होता. मला रडू फुटलं, देवाचे उपकार मानले. मग लेकीला सगळं सांगितलं. ती बाळाला उचलून माझ्याकडे द्यायला आली.

“नको, माझं उतलेलं अंग तिला लागेल. तिथूनच दाखव,” मी हात पाठीमागे धरून म्हणाले. सुजल्या पापण्या बोटांनी वर करून, जेवढी दिसली तेवढी मी तिला पाहिली.