तीन कचेऱ्यांचा एक अर्ज

धारवाडच्या तहसील कचेरीतला तो वयस्क कारकून मला, नव्या टायपिस्टलासुद्धा, 'अक्का' म्हणायचा. रेशन, पेन्शन आणि मोफत उपचार या तिन्हींसाठी तो एकच अर्ज कार्बन लावून, जीभ बाहेर काढून लिहायचा. "कागद आमचे, कार्बन इस्पितळाचे, टाचण्या पेन्शनवाल्यांच्या. एवढं ठरवायला वर्ष गेलं, अक्का!"

एकदा अळणावर गावची एक बाई आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मुलीचं ऑपरेशन होतं आणि इस्पितळाची कचेरी पाचला बंद व्हायची. प्रती सुट्या केल्या, तर इस्पितळाची कोरी. कार्बन उलटा लागला होता.

"अय्यो, शहाणा मी!" म्हणत त्याने ती हसत पुन्हा लिहिली आणि बाईला सायकलवर घेऊन निघाला.

शिक्का राहिला होता. कधी मोठ्याने न बोलणारी मी ओरडले, "अण्णा, थांबा!" आणि धावले. सीटवर कागद ठेवून शिक्का मारला, तेव्हा बाईसुद्धा हसली.