शिलाई मशीनचं दुखणं आणि आत्याचा धागा

माझी आत्या शिलाई मशिनं दुरुस्त करते. हे काम मुळात काकांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. तीस वर्षं ते मशिनं उघडायचे आणि आत्या शेजारी बसून पाने-पेचकस हातात द्यायची. मग काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. डोक्यातलं ज्ञान मात्र जसंच्या तसं होतं. बाहेर येण्याची वाटच बंद झाली होती.

आत्यानं दुकान उघडं ठेवलं. तेल-पाणी, पट्टा बदलणं तिला जमायचं. एकदा गणवेश शिवणाऱ्या बाईंनी त्यांचं मशीन आणलं. पातळ कापडावर छान चालायचं, जाड कापडावर टाके सोडायचं. आत्यानं सुई बदलली, दोरा बदलला, पण फरक पडेना. काका खुर्चीतून बघत होते. "त... त..." म्हणत राहिले आणि शेवटी तोंड फिरवून बसले.

त्या दुपारी मी तिला दुरुस्तीवाल्यांचा ऑनलाइन फोरम दाखवला. एकेका चर्चेला तिथे धागा म्हणतात, हे ऐकून ती हसली. "मग हे आपलंच काम की गं!"

पहिल्या धाग्याला तिनं शीर्षक दिलं : 'कृपया मदत करा, फार अडचणीत आहे'. खाली काकांच्या आजारपणाची सगळी कथा, मशीनबद्दल दोन ओळी. तीन दिवस कुणी फिरकलं नाही. चौथ्या दिवशी 'जुना फिटर' नावानं उत्तर आलं :

"ताई, चुकून उघडलं म्हणून वाचलं. शीर्षकावरून दुखणं कळत नाही, मग वैद्य थांबणार कसा? मशीन कुठलं, होतं काय, काय करून पाहिलं, एवढं एका ओळीत लिहा. त्याआधी जुने धागे शोधा. 'बिघाड' असं शोधू नका, मशीन जे करतंय तेच शब्द टाका."

"माणूस आहे की मास्तर?" आत्या फणकारली. पण बसली शोधायला. 'मशीन बिघाड'ला शेकडो धागे आले. 'जाड कापड टाके सोडतं'ला नऊच. सातवा हुबेहूब तिच्या मशीनचा होता, पण अर्धवट सुटलेला. विचारणाऱ्यानं पुढे काही कळवलंच नव्हतं. तिनं त्याचा दुवा देऊन नवा धागा काढला : 'पायाचं काळं मशीन : जाड कापडावर टाके सोडतं, सुई-दोरा बदलून पाहिला'.

तासाभरात चार उत्तरं आली. ती मोठ्यानं वाचायला लागली. पहिल्याला काकांनी मान हलवली, नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्यात लिहिलं होतं, "सुईचा दांडा वर सरकला असेल." काकांनी डाव्या हातानं मांडीवर अशी थाप मारली की मी दचकले.

"अहो, हेच सांगत होतात?" आत्यानं विचारलं. ते मान डोलावत राहिले. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडभर हसू!

दांडा केसभर खाली घेतला आणि चौपदरी कापडावर टाके सरळ पडले. त्या जुन्या धाग्यातही आत्यानं उपाय लिहून ठेवला, पुढच्या माणसाची वणवण नको म्हणून.

तेव्हापासून त्यांची जोडी पुन्हा जमली. लोक उत्तरं सुचवतात, ती वाचते, ते निवडतात. हल्ली तर ती इतरांनाही उत्तरं देते. खरी उत्तरं काकांची, टाइप करणारे हात तिचे. फोरम चालवणाऱ्यांनी तिला शीर्षकं दुरुस्त करायचं कामही दिलंय.

आत्या म्हणते, "त्या माणसानं फटकारलं नसतं, तर ह्यांचा आवाज मला परत मिळाला नसता."

मागच्या महिन्यात जुन्या फिटरनी आपणहून फोन केला. आत्या आभार मानायला लागली. ते म्हणाले, "राहू द्या ताई. साहेबांच्या कानाला लावा फोन."

पंधरा मिनिटं फिटर एकटेच बोलत होते. मध्येच काका खो खो हसले, अगदी खुर्ची हलेपर्यंत. कशाला हसले ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.