आजोबांच्या पश्चात 'एक बहीण'

रविवारी सकाळी मी युसूफ वडगाव या गावी गेले होते... आजोबांची बहीण शोधायला. आजोबा जाऊन माझ्या वयाएवढी वर्षं झाली, त्यामुळे बहीण काही भेटणार नव्हती. निदान नाव तरी कळावं, एवढीच इच्छा.

आधी माझी खोड सांगते. पेपर हातात आला की मी पहिल्यांदा निधनवार्ता वाचते. नवरा म्हणतो, तुला जिवंत माणसांचं काही पडलेलंच नाही... पण आमच्या घराण्याची वंशावळ मी याच कात्रणांवरून जुळवत आणलीय. कोण कुणाच्या मातोश्री, कुणाचं सासर कुठलं, सगळं चार ओळींत मिळतं.

शिवाय आमच्यातलं प्रत्येक माणूस 'मनमिळाऊ स्वभावाचं' होऊनच गेलेलं आहे. मग नातेवाइकांकडे चहाला बसलं, की त्याच मनमिळाऊ माणसानं बांधावरून सख्ख्या भावाशी कसा जन्मभर अबोला धरला ते कळतं. म्हणून कात्रण आणि कहाणी, मला दोन्ही लागतं.

तर आजोबांचं कात्रण. दिंद्रुडचे किराणा व्यापारी, मनमिळाऊ (अर्थातच)... आणि शेवटी, 'त्यांच्या पश्चात पत्नी, एक बहीण, दोन मुले, एक मुलगी असा परिवार आहे.'

बहीण कुठून आली? आजोबा तर नवसाचे, एकुलते एक. त्यांच्या आईनं परळीला वैजनाथाला नवस बोलला होता, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

अण्णांना, म्हणजे वडिलांना, विचारलं. "असंल कुणीतरी चुलत," म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. एरवी ते बातम्यासुद्धा आवाज बंद करून बघतात...

मग मला शेतातली तिसरी समाधी आठवली. आमच्यात दहन करत नाहीत, माती देतात. बेलाखाली आजोबा-आजीच्या समाध्या आहेत आणि शेजारी तिसरी, बिननावाची. लहानपणी मी खुशाल तिच्यावर बसून हरभऱ्याचे डहाळे खाल्लेत. 'ती आजोबांच्या बहिणीची,' असं कुणीतरी सांगितलेलं.

आता मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला... लग्न झालेल्या बहिणीला माहेरच्या शेतात कोण माती देतं? तिची जागा सासरी.

म्हणून गेले शोभाआत्याकडे. ही अण्णांची धाकटी बहीण, युसूफ वडगावला दिलेली. कात्रण हातात ठेवलं तर वाचून पदर तोंडाला लावून हसायलाच लागली.

"बहीण न्हाई गं बाई ती. अक्का हाय."

"अक्का म्हणजे थोरली बहीणच ना?"

"सवत बी थोरलीला अक्काच म्हणती."

मी चहाचा कप खाली ठेवला... अक्का ही आजोबांची पहिली बायको. मूलबाळ झालं नाही, तेव्हा तिनं स्वतः शिरूर कासारकडची एक मुलगी पसंत केली आणि नवऱ्याचं दुसरं लग्न लावून दिलं. ती मुलगी म्हणजे माझी आजी. आजी तिला अक्का म्हणायची, म्हणून पोरंही अक्काच म्हणू लागली. मनातून तिला काय वाटलं असेल, असं मी विचारलं. आत्या म्हणाली, ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.

आजोबा गेले तेव्हा गावातला बातमीदार ओट्यावर बसून नावं लिहून घेत होता. आजी आतून म्हणाली, आमच्या अक्काला बी घ्या त्यात. तो गावात नवीन... त्यानं सरळ 'एक बहीण' लिहून टाकलं.

"मग कुणी दुरुस्त का नाही केलं?"

"काय सांगायचं गं? दोन बायका म्हणून पेपरात कोण देतं... अक्काला वाचून दावलं तर म्हणली, परिवारात आलंय न्हवं, बास झालं."

मग आत्यानं कात्रण घडी करून माझ्या हातात दिलं. "लई फटकळ होती. गिऱ्हाइकाला बी सोडायची न्हाई. पण तुज्या बापाला तिनंच वाढवलं. मी झाले अन माय आजारी पडली, तवापासून अण्णा तिच्याच कुशीत. शाळेत नाव घालायला बी तीच गेलती."

टीव्हीचा आवाज का वाढला ते आता कळलं. मला रडू आलं, सरळच सांगते.

अक्का गेली तेव्हा मी पाळण्यात होते. तिची निधनवार्ता कधी आलीच नाही. आजोबांची कोण म्हणून छापायचं, यातच सगळे अडकले. तिचं नाव भागीरथी, हेही मला रविवारी पहिल्यांदा कळलं.

येताना वाट वाकडी करून दिंद्रुडला उतरले. बसमध्येच मोबाइलवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्या अण्णांपुढे धरल्या. म्हटलं, अक्काची बातमी लिहिलीय, बघा बरोबर आहे का. परिवाराच्या ओळीत मी अगदी चोख लिहिलं होतं, 'सवतीची दोन मुले, एक मुलगी'... या वेळी चूक नको म्हणून.

अण्णांनी चष्मा लावला. बराच वेळ वाचलं, इतकं की मोबाइलची स्क्रीन एकदा बंदही झाली. मग परत देत म्हणाले, "'सवतीची' काढ त्यातलं."

"आणि फटकळ?"

"ते राहू दे. होतीच."

काढलंय. उशिरा देतेय, पण देते...

दिंद्रुड येथील भागीरथीबाई ऊर्फ अक्का यांचे निधन होऊन बरीच वर्षे झाली. त्या फटकळ स्वभावाच्या होत्या. त्यांच्या पश्चात दोन मुले, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे.