गप्प केलेला कंपायलर

इंडोनेशियातल्या बांडुंगात माणसं 'नाही'सुद्धा 'हो'च्या चालीवर म्हणतात. अशा गावात इमास जन्माला आली, हा देवाच्या कारकुनाचा घोटाळा. कचेरीत तिला सगळे तेह इमास म्हणजे इमासताई म्हणत, आणि ती तापली की चहाची किटली स्वतःला थंड समजे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या पेट्यांचे प्रोग्राम ती लिहायची. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवताना कंपायलर जागोजागी पिवळे इशारे देतो. बाकीचे वैतागायचे, ही मात्र त्याच्याशी खाष्ट सासूशी नांदावं तशी नांदली होती. भांडायची, पण ऐकायची.

त्या सकाळी तिने चाचणीच्या पेटीतल्या रबरी बाहुलीची तापमानाची वायर उपसली. वायर सुटली की पेटीने बोंब मारायला हवी. पेटी ढिम्म. शोधलं तर चूक तिचीच निघाली. वायर सुटल्यावर येणारा उणे आकडा तिच्या ओळीत भलामोठा अधिक आकडा ठरत होता. वायर सुटल्याची तपासणी आकडा उण्यात गेला का एवढंच बघे, म्हणून पेटीच्या मते बाळ मस्त उबेत होतं. पण असल्या चुकीवर कंपायलर हमखास ओरडतो. आज का गप्प?

ती त्या ओळीपासून वरच्या ओळी वाचत गेली आणि तिला बोळा सापडला. जाकार्ताहून गिऱ्हाईक येणार, भिंतीवरच्या पडद्यावर पिवळं दिसायला नको, म्हणून शेजारच्या कांग यायातने, म्हणजे यायातदादाने, एका ओळीपुरता तो इशारा बंद केला होता. ओळ संपली की तो पुन्हा चालू करायचा असतो. ते राहिलं, आणि खालचं सगळं मुकं झालं.

"कांग यायात, पाहुणे येणार म्हणून घरातल्या म्हातारीच्या तोंडात बोळा कोंबता का हो तुम्ही?"

"एका ओळीपुरताच होता, तेह. काढायचा राहिला."

"राहिला? त्याखाली माझी ओळ होती. आणि त्या ओळीच्या भरवशावर बाळ झोपणार होतं."

पाहुणे येऊन ठेपले होते आणि दारात गारूतच्या इस्पितळासाठी पेट्या गाडीत चढत होत्या. मालक पाक विर्या मऊ आवाजात म्हणाले, पाहुण्यांना सुराबीची गरम धिरडी खाऊन जाऊ दे, मग सावकाश बघू. इमासने पाहुण्यांदेखत बोळा उपटला. पडदा हळद सांडल्यासारखा पिवळा झाला. पाक विर्यांनी घाईघाईने सुराबीची बशी पुढे केली.

"हे काय?" जाकार्ताच्या गिऱ्हाईक बाईंनी विचारलं.

"झाकलेलं खरकटं. पेट्या आज जाणार नाहीत."

"यातलं धोक्याचं कुठलं?"

"तेच वाचायचंय, बाई. वाचू द्या."

बाईंनी बशी खाली ठेवली आणि गाडी रिकामी करायला सांगितली.

इमास एकेक इशारा वाचत, स्वतःला आणि यायातला आलटून पालटून शिव्या घालत बसली. शेवटी यायातची ती ओळ राहिली. ती खरंच निरुपद्रवी होती. त्याने चोरट्या आवाजात विचारलं, हिला गप्प केलं तर चालेल का?

"करा. पण ओळ संपताच तोंड मोकळं करा. आणि का गप्प केलं ते वर लिहा, तुमच्या नावानिशी."

मग तिने गार झालेली सुराबी ओढली आणि खाल्ली, तीही रागावूनच.