भागूबाईंनी बंद केलेली जाहिरात

माझ्या थोरल्या जाऊबाईंना घरात सगळे भागूबाई म्हणतात. नाव माझ्या दिरांनी ठेवलं, लग्न झाल्यावर महिन्याभरात, कारण गॅस बंद केलाय का ते बघायला त्या अर्ध्या जिन्यातून तीनदा परत आल्या होत्या. त्यांना राग येत नाही. "भित्री तर भित्री. घर तर जळलं नाही ना?" म्हणतात. पुढे हेच नाव त्यांच्या ऑफिसातही गेलं.

ऑफिस म्हणजे आमचं जेवणाचं टेबल. आजारी माणसाला घरी लागणारी ऑक्सिजनची मशीनं भाड्याने देणारी एक कंपनी आहे, तिच्या इंटरनेटवरच्या जाहिराती त्या घरून बघतात. मला त्यातलं काही कळत नसे. एकदा वाटाणे सोलता सोलता त्यांनीच सांगितलं. कुणी मोबाइलवर 'घरी ऑक्सिजन मशीन' असं शोधलं, की सगळ्यात वर येतात त्या विकत घेतलेल्या जागा. त्याखाली फुकटच्या. पण फुकटच्या रांगेत पुढे यायचं तर वेबसाइट वर्षानुवर्षं राखावी लागते. विकतचं काम जाऊबाईंकडे आणि फुकटचं एका गृहस्थांकडे. त्यांना सगळे माळी म्हणत, कारण दर मीटिंगमध्ये ते "झाड एका दिवसात वाढत नाही" असं ऐकवायचे. कंपनीचं पान त्यांनी तीन वर्षं त्या रांगेत पहिलं टिकवलं होतं.

एका सोमवारी सकाळी मालकांचा फोन आला. जाऊबाईंनी स्पीकर लावला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"भागूबाई, एकाच शोधात आपण दोनदा दिसतो. वर तुमची जाहिरात, खाली माळ्यांचं पान. कशाला? जिथे पान पहिलं आहे तिथली जाहिरात बंद करा. जिथे आपण कुठेच नाही, त्या शब्दांकडे लक्ष द्या."

बोलणं काही चुकीचं नव्हतं. जाऊबाई तरी म्हणाल्या, "साहेब, आधी एकाच भागात आठवडाभर बंद ठेवून बघू का?"

माळीही फोनवर होते. ते हसले. "तुम्ही आंघोळीच्या बादलीतसुद्धा आधी बोट बुडवून बघत असाल."

"बघतेच. कढत असलं तर?"

सगळे हसले. मालक म्हणाले, "आजच करा." आणि जाऊबाईंनी जाहिरात बंद केली.

बुधवारी सकाळी कंपनीत फोन घेणारी बाई सहज म्हणाली, "दोन दिवस काय सगळे बरे झालेत का हो? फोन निम्म्यावर आलेत."

जाऊबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग माझ्याकडे हात पसरला. "तुझा मोबाइल दे गं. माझा मला ओळखतो, मला हवं ते दाखवेल. समज, आपल्या मामंजींना धाप लागलीय आणि तू मशीन शोधतेयस."

मला ते बोलणंच आवडलं नाही. मामंजी आतल्या खोलीत रेडिओ ऐकत बसले होते. जाऊबाईंनी शब्द लिहिले. कंपनीचं पान पहिलं आलं, उघडलं. वर ठळक अक्षरात फोन नंबर होता. त्या तो बघतच राहिल्या.

"हा आपला नाही."

"म्हणजे?"

"हा जुन्या जागेचा. तीन वर्षांपूर्वी सोडली ती. जाहिरातीत नवा नंबर मी माझ्या हाताने घातला होता. पानावर कुणी बदललाच नाही."

त्यांनी तो नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. वाजायला लागला. वाजतच राहिला. आतला रेडिओ आणि टेबलावरची ती रिंग, दुसरा आवाज नाही. कुणी उचलला नाही. त्यांनी परत लावला.

"हे असंच ऐकत असेल गं कुणीतरी," त्या म्हणाल्या. "एका हातात फोन, दुसऱ्या हाताने माणसाची पाठ चोळत."

त्यांनी आधी जाहिरात परत सुरू केली. मग त्यांनी माळ्यांना फोन केला.

नंबराचं ऐकून माळ्यांनी कबूलच केलं. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "आल्या आल्याच दिसलं होतं. पण पहिल्या नंबरच्या पानाला आमच्यात कुणी हात लावत नाही. एक ओळ बदलली आणि पान घसरलं, तर? बहुतेक लोक तुमच्या जाहिरातीवरूनच जायचे. उरलेल्यांची कधी तक्रार आली नाही. मला भीती वाटली हो."

तीन वर्षं ज्यांनी जाऊबाईंना भित्री म्हणून चिडवलं, तेच गृहस्थ हे. जाऊबाईंनी टोमणा मारला नाही. "त्या नंबरावर किती जणांनी बोट ठेवलं ते दिसतं ना तुम्हाला? बघून ठेवा. मी जुन्या जागेवर चालले."

मीही बरोबर निघाले. बसमध्ये त्यांचं एकच चाललं होतं. पर्सची चेन उघडायची, लावायची. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. देवा, तिथे कुणीतरी असू दे.

जुन्या जागेत आता एक म्हातारे पुस्तकबांधणीवाले बसतात, जागेबरोबर जुना फोनही त्यांच्याकडेच राहिला. दोन्ही हात कोपरापर्यंत खळीने माखलेले. आम्ही नुसतं 'ऑक्सिजन' म्हटलं आणि ते उसळले.

"या! तुमचीच वाट बघत होतो! तीन वर्षं तुमची नोकरी करतोय बिनपगारी. दिवसाला चार-पाच फोन यायचे, नवा नंबर सांगायचो." भिंतीवर एका पुठ्ठ्यावर तो नंबर मोठ्या आकड्यांत लिहिलेला होता. "सोमवारपासून मात्र खळीतून हात काढायची सोय नाही. काल दुपारी वायरच उपटली."

"पण आत्ता वाजत होता..."

"तिकडे वाजतो. इथे काय वाजणार?"

वायर फळीवरून लोंबत होती. जाऊबाई पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावरच बसल्या. "काका, ज्यांना श्वास घेता येत नाही त्यांच्या घरचे फोन आहेत हे."

म्हाताऱ्यांचा चेहरा उतरला. "मला वाटलं गिऱ्हाईक. आज नाही तर उद्या करेल." खळीच्या हातांनीच त्यांनी वायर लावली. दोनदा सुटली.

माळ्यांनी आकडा कळवला. काल दुपारपासून अकरा वेळा कुणीतरी त्या नंबरावर बोट ठेवलं होतं. त्यातले दोन आमचे. राहिले नऊ. नाव नाही, पत्ता नाही, नुसता आकडा.

जाऊबाई फोनजवळ स्टूल ओढून बसल्या. पहिला फोन तासाभराने आला.

"कुठे मेला होतात?" एक बाई ओरडत होती. "कालपासून सहा वेळा केला!"

"चुकलं हो आमचं. पेशंट कसे आहेत?"

"बाबा रात्रभर खुर्चीत बसूनच आहेत. आडवं होता येत नाही."

"पत्ता सांगा. मशीन निघतंय." लिहून घेतलेला पत्ता त्यांनी दोनदा वाचून दाखवला, मी तो लगेच कंपनीला कळवला. फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "सहा एकटीचे! नवातले सहा सापडले गं."

संध्याकाळच्या आत एका गृहस्थांचा आला. काल दोनदा केला होता, मग दुसरीकडून मशीन आणलं, आणि आता चार शब्द सुनावायला त्यांनी फोन केला होता. जाऊबाईंनी ते सगळे ऐकून घेतले, वर "आभारी आहे" म्हणाल्या. त्या माणसाने गोंधळून फोन ठेवला.

राहिला एक. तो आला नाही. दुकान बंद करायची वेळ झाली तरी म्हातारे कुलूप हातात घेऊन उभे राहिले, बसा म्हणाले, अजून थोडं बसा. फोन वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी पानावरचा नंबर बदलायचा ठरला तेव्हा माळी परत कचरले. "घसरलं तर?"

"घसरू दे. तोवर वर मी आहे ना," जाऊबाई म्हणाल्या. पान खरंच दोन जागा घसरलं आणि पंधरवड्याने परत चढलं. जाहिरात त्यांनी तेव्हापासून बंद केलेली नाही. आता दोघंही एकमेकांना विचारल्याशिवाय कशालाच हात लावत नाहीत.

पण कुणाच्या तरी डायरीत तो जुना नंबर अजून असेल. म्हणून रोज सकाळी टेबलाशी बसण्याआधी त्या तो लावतात.

"ऑक्सिजन इथे नाही, नवा नंबर लिहून घ्या..." म्हातारे सुरुवात करतात, मग थांबतात. "भागूबाई, वायर लावलेली आहे. ठेवा आता."

परवा फोन खूप वेळ वाजला. म्हातारे मागे हात धूत होते. त्यांनी उचलला तेव्हा जाऊबाईंच्या पायात चपला होत्या आणि त्या जिन्यात पोचल्या होत्या. गॅस मी बंद केला.