कडेची पांढरी बुरशी

विजयमालाताई आमच्या नगरच्या लॅबमध्ये बुरशीचं काम बघतात. मूळच्या तिसगावच्या. आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला जायचे. त्या वसतिगृहात राहून शिकल्या. आमच्यात कुणी नवीन आलं की त्या पहिल्यांदा एकच गोष्ट सांगतात. प्लेटवर उगवलेल्या बुरशीचा मधला, रंग चढलेला भाग घ्यायचा नाही. कडेची पांढरी, कोवळी बुरशी घ्यायची. ती अल्कोहोलमध्ये मारायची, आम्लाने फोडायची आणि तिचा थेंब मशीनच्या धातूच्या पट्टीवर वाळवायचा. मशीन त्यावर लेझर मारतं, आतल्या प्रथिनांची वजनं मोजतं आणि साठवलेल्या नमुन्यांशी ताडून बुरशीचं नाव सांगतं. पिकलेल्या बुरशीचा रंग मिसळला, तर मशीनला काही कळत नाही.

या हंगामात एक नमुना त्यांच्या आईच्या डोळ्यातून खरवडून आला.

भागिरथीबाईंच्या डोळ्याला फडात उसाचं पान लागलं होतं. शेजारच्या कोपीतल्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीतल्या, सविताकडे लाल डोळ्यावरची थेंबांची बाटली होती. कुणीतरी कधीतरी मेडिकलमधून आणलेली ती बाटली टोळीत या कोपीतून त्या कोपीत फिरायची. त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. त्याने लाली जाते आणि आत बुरशी पसरत राहते. लाली गेली म्हणून भागिरथीबाई पुन्हा कोयता घेऊन फडात गेल्या.

डोळा ठणकायला लागला, तेव्हा त्यांना आमच्या हॉस्पिटलात आणलं. ताई वॉर्डात गेल्या, तेव्हा मीही सोबत होतो.

"कशाला पळत आलीस? तुझं मशीन बंद पडंल," भागिरथीबाई म्हणाल्या.

"आई, आधी का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? पाचट रोजच लागतंय. थेंबानं लई गुन आला हुता." मग पट्टी बांधलेला डोळा चाचपत म्हणाल्या, "मशीनला म्हनावं, लवकर नाव ठेव. बारशाला बसल्यावानी बसलोय आमी."

बुरशीवरचं एक औषध सुरूच होतं. तेच चालू ठेवायचं की बदलायचं, हे नाव कळल्यावर ठरणार होतं.

आमच्या प्रमुख डॉ. पंकजा मॅडम ताईंना म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला करू दे."

"मीच करते," ताई म्हणाल्या.

आईसाठी वॉर्डात फेऱ्या मारताना ताईंची प्लेट पाहायची राहिली. पाहिली तेव्हा मधोमध हिरवी झाली होती. मशीनने उत्तर दिलं, ओळख पटली नाही. मॅडमनी प्लेट उजेडात धरली.

"मधलं घेतलंत?"

"हो. जास्त घेतलं तर लवकर कळेल असं वाटलं."

मॅडमनी प्लेट त्यांच्या हातात परत दिली. ताईंनी कडेची बुरशी नव्या प्लेटवर लावली, पांढरी वाढ येईपर्यंत थांबल्या आणि या वेळी कडेचीच घेतली. नाव आलं: अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. औषध बदललं. पण तोवर बुबुळाला भोक पडलं होतं, डोळा काढावा लागला. आधी कळलं असतं तर वाचला असता का, हे ताईंनी सर्जनना विचारलं नाही. दुपारी बाकीच्या प्लेटा तपासल्या, डबा खाल्ला, हात धुतले. माझ्या एका प्लेटवर बोट ठेवून म्हणाल्या, "कडेची घे."

संध्याकाळी आम्ही वॉर्डात गेलो. भागिरथीबाईंनी उशीखालून पिशवी काढली आणि त्यातली छोटी बाटली लेकीपुढे धरली.

"ही सविताची हाय. लागली तर असावी म्हनून म्या संगं आनली. तिला पोचती कर. पुढच्या कोपीत लागंल कुनाला."

ताईंनी बाटली घेतली. तळाला थोडे थेंब होते. लॅबमध्ये येऊन त्यांनी ती जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली आणि पिशवीचं तोंड बांधलं.

दुसऱ्या दिवशी भागिरथीबाईंनी विचारलं, "दिली का गं सविताला?"

"दिली," ताई म्हणाल्या.

"बरं झालं. दुसऱ्याची वस्तू हाय ती."