शिवकन्येच्या नावापुढचा शेरा

कौशल्याबाईला राग यायला वेळ लागत नसे, आणि जायलाही लागत नसे. हा मात्र चार दिवस झाले तरी गेला नव्हता. ऊस तोडताना तिचा कोयता असा काही पडत होता की शेजारच्या सरीतल्या ताराबाईने विचारलंच, "उसावर कावून राग काढतीस बया? त्यानं काय केलंय?"

"त्यानं काय न्हाई केलं. शिकलेल्या लोकांनी केलंय."

झालं होतं ते असं. कौशल्याबाईची लेक शिवकन्या पाटोद्याला अकरावीत. जूनमध्ये बिभीषण सरांनी तिचं नाव परदेशातल्या एका विद्यापीठाच्या ऑनलाइन कोर्सला घातलं. विषय 'जागतिक नागरिकत्व'. बारावीच्या आतच कॉलेजचा एक विषय पदरात पडतो, आणि पास झालं की कोर्स चालवणारी पुण्याची संस्था पुढच्या शिक्षणाची सोय करते. पोरगी हुरळून गेली.

दिवाळी झाली आणि टोळी ऊसतोडीला निघाली. दरवर्षी शिवकन्या आजीजवळ राहायची, पण आजी श्रावणात वारली. सतरा वर्षांच्या पोरीला रिकाम्या घरात एकटी ठेवायला कोणी धजत नाही. अशा पोरीसाठी गावाला एकच उपाय ठाऊक, लग्न उरकून टाकायचं. कौशल्याबाईचं स्वतःचं पंधराव्या वर्षी असंच उरकलेलं. तिने भावकीचा सल्ला धुडकावला आणि लेकीला पुस्तकांसकट ट्रॅक्टरवर बसवलं.

आधी करमाळा, मग शिरोळ, मग अथणी. जिथे ऊस तिथे कोपी, पाचटाची झोपडी. शिवकन्या दिवसा भाकरी थापायची, मोळ्या बांधू लागायची आणि संध्याकाळी रेंज शोधत बांधावर जाऊन बसायची. तिचा फोन उतरला तर बापाचा, रामहरीचा घ्यायची. तोही उतरला तर ताराबाईचा. एक तास म्हणून बुडवला नाही तिने, आणि नेमकं तेच तिला भोवलं. संस्थेच्या संगणकाला दिसलं, मुलगी एक, गावं चार, फोन तीन. एका नावावर वेगवेगळे लोक हजेरी लावतात असं ठरवून त्यांनी तिचं नाव थांबवलं, नावापुढे 'फसवणूक' असा शेरा मारला आणि गुरुवारी सुनावणी ठेवली.

याच कोर्सच्या पहिल्या धड्यात होतं की माणसं पोटासाठी सीमा ओलांडतात, त्यांना समजून घ्यावं. देशच्या देश ओलांडणारे यांना समजतात, चार तालुके फिरलेली पोरगी समजत नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गुरुवारी संध्याकाळी मायलेकी कोपीसमोर फोन धरून बसल्या. पडद्यावर तिघं. दोघं परदेशी, तिसरी पुण्याची दिपाली मॅडम, इकडचं तिकडे सांगायला.

"तुझा कायमचा पत्ता पाटोदा तालुक्यातला आहे. मग तू तिथे का नव्हतीस?" मॅडमनी विचारलं.

"ऊसतोडीला..." शिवकन्येने सुरुवात केली. कौशल्याबाईने फोन तिच्या हातातून घेतला.

"मॅडम, आमी काय हौस म्हनून फिरतो व्हय? तुमच्या च्यात साखर पडती, तवा इचारता का तुमी तिला, कायमचा पत्ता कोनता म्हनून?" तिने ताराबाईचा फोन आणि रामहरीचा फोन पडद्यासमोर नाचवला. "हे दोन, आन तुमी ज्याच्यातनं बगताय त्यो तिसरा. पोरगी ही एकच. नीट बगून घ्या."

मॅडमनी यातलं किती तिकडे सांगितलं देव जाणे, पण आठवड्याने त्यांचा फोन आला. शेरा काढला होता, परीक्षा देता येणार होती. शिवाय शिवकन्येचा उसाच्या फडातला फोटो संस्थेला जाहिरातीसाठी हवा होता.

"आदी लबाड म्हनले, आन आता मखरात बसवतेत," कौशल्याबाई म्हणाली. "फोटो न्हाई मिळायचा. आदी माफी लिवून द्या म्हनाव. आन मराठीत. मला वाचता आली पायजे."

"झालं न्हवं काम? कशाला ताणतीस?" रामहरी कुरकुरला.

"तुमी गप बसा."

दोन दिवसांनी पत्र आलं, शिवकन्येच्या फोनवर. कौशल्याबाई चौथी शिकलेली. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या भाऱ्यावर बसून, एकेका अक्षराखाली बोट नेत तिने वाचायला घेतलं. 'आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' ती ओळ तिने दोनदा वाचली.

"गैरसोय?" तिचा आवाज चढला. "रेंज न्हाई ही गैरसोय. पान्याला लांब जावं लागतंय ही गैरसोय. माज्या पोरीला लबाड म्हनलं, त्याला गैरसोय म्हन्तेत व्हय? परत पाठिव हे."

"आये, परीक्षा हाय माझी अजून. त्यांच्याच हातात हाय सगळं," शिवकन्या रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मग दे की परीक्षा. लई अभ्यास करून दे. पर त्येंनी 'आमचं चुकलं' आसं लिवल्याबिगर म्या हे घेनार न्हाई."

शिवकन्येने आईच्या हातातून फोन घेतला. मग तिने लिहिलं, 'हे पत्र आम्हाला मान्य नाही. चूक तुमची होती, तसं स्पष्ट लिहा.' खाली आईने न सांगितलेली एक ओळ घातली, 'पत्र माझ्या आईच्या नावाने पाठवा.' आणि आईला वाचून न दाखवताच पाठवून दिलं.